वीस तारखेनंतर भरणारा वर्ग

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका वाणिज्य महाविद्यालयाने आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासकेंद्र काढलं, त्याची ही हकीकत. केंद्राच्या सल्लागार समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मी सुरुवातीपासून होतो. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

पार्श्वभूमी

गावाच्या एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला बाजार समिती आणि मधोमध कापड-हार्डवेअरची पेठ. अशा गावाला हिशेब लिहिणारी माणसं किती लागतात, हे बाहेरच्याच्या लक्षात येत नाही. फाउंड्रीत एक अकाउंटंट, अडत दुकानात दिवाणजी, पेठेत तीन दुकानांत मिळून एक 'पार्ट टाइम', सीएंच्या ऑफिसांत चार-पाच, शिवाय पतसंस्था आणि दूधसंघ. यातले बहुतेक जण गावातल्या या अनुदानित महाविद्यालयाचे बी.कॉम. आहेत. गावात नवा सीए आला की ऑफिसात घ्यायच्या पोरांसाठी तो आधी इथल्या विभागप्रमुखांना फोन करतो.

बी.कॉम. व्हायचं, टॅलीचा क्लास करायचा, ओळखीतून चिकटायचं. ही वाट बरीच वर्षं चालली. १ एप्रिल २००५ ला राज्यात व्हॅट आला तेव्हा थोडी पळापळ झाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बरीच झाली, पण दोन्ही वेळा माणसं एकमेकांना विचारत विचारत शिकली. त्यानंतर बदलांचं स्वरूपच वेगळं झालं. एकदा मोठा बदल होऊन मग शांतता, असं राहिलं नाही. ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा परवाना) आलं. ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवाव्या लागणाऱ्या बिलाची) मर्यादा दरवर्षी उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या उलाढालीवर आली आणि पेठेतले व्यापारीही तिच्यात सापडले. जानेवारी २०२२ पासून खरेदीवरच्या कराची वजावट जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत) दिसेल तेवढीच मिळू लागली, म्हणजे समोरच्याने विवरणपत्र भरलं नाही तर भुर्दंड आपल्याला. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहणं सक्तीचं झालं. मागच्या तारखेला जाऊन व्हाउचर हळूच 'नीट' करण्याची जुनी सोय तिथे संपली.

या सगळ्याचा कामावर झालेला परिणाम सांगायला सोपा आहे. बिलं समोर घेऊन एकामागून एक नोंदी मारणं हे नवशिक्याचं काम असायचं. ते आता एक्सेलमधून एकगठ्ठा आत घेता येतं, बँकेचं स्टेटमेंटही तसंच. उरतं ते जुळवणीचं काम: आपली खरेदी वही आणि २बी यांत फरक का, तो पुरवठादाराकडून कसा मिटवायचा, कोणतं बिल थांबवायचं. हे काम नोंदी मारण्यापेक्षा अवघड आहे आणि ते कुठल्या क्लासात शिकवत नव्हते. महाविद्यालयात तर नाहीच. तिथे विद्यार्थी रकाने आखलेल्या वहीत जर्नल एंट्र्या लिहीत होते. त्याही यायला हव्यात, पण तिथेच थांबून कसं चालेल?

एक गर्दी आणि तिचे दोन अर्थ

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्राप्तिकर कायद्याच्या ४३बी(एच) या नव्या पोटकलमाने पेठेत खळबळ उडाली. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले, तर ती रक्कम प्रत्यक्ष फेडली जाईल त्या वर्षापर्यंत खर्च म्हणून धरली जाणार नाही. नव्वद दिवसांच्या उधारीवर चालणाऱ्या बाजाराला हे ऐन मार्चच्या तोंडावर कळलं. जुने विद्यार्थी विभागप्रमुख मॅडमना फोन करू लागले. मॅडमनी एका सीएला बोलावून शनिवारी दुपारी व्याख्यान ठेवलं आणि व्हॉट्सॲपवर निरोप टाकला. सभागृह भरलं, जिन्यात माणसं बसली. एरवी माजी विद्यार्थी मेळाव्याला जेवण ठेवूनही इतकी येत नाहीत.

प्राचार्यांनी या गर्दीचा अर्थ असा लावला की जुन्या विद्यार्थ्यांना शिकायचं आहे, तर अभ्यासक्रम काढू. हे निम्मं खरं होतं. मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. माणसं शिकायला आली नव्हती, अडली होती म्हणून आली होती. अडलेला माणूस उत्तर घेतो आणि जातो. त्याला तीस तास बसवायचं तर निराळा विचार करावा लागेल. त्या बैठकीच्या इतिवृत्तात मॅडमचं हे वाक्य नाही, 'अभ्यासक्रमाचा प्रस्ताव तयार करावा' एवढंच आहे. पुढे जे अडलं त्यातलं बरंच याच फरकातून निघालं.

दुसरीकडे नियमांच्या बाजूने हवा अनुकूल होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ हे विद्यापीठाचं एक रीतसर प्राधिकरण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं, त्यानंतर श्रेयांक (क्रेडिट) बँकेचं म्हणजे सगळे ज्याला 'एबीसी' म्हणतात तिचं, आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याचं म्हणणं हेच की माणसाने कधीही यावं, तुकड्यातुकड्याने शिकावं, तीस तासांना एक श्रेयांक मिळवावा आणि तो साठवून ठेवावा. कागदावर या केंद्रासाठी दारं उघडी होती.

समोरचे पर्याय

जून २०२४ मध्ये समितीपुढे चार गोष्टी आल्या.

पहिली, करविषयक वर्षभराची पदविका. गावात 'डीटीएल' हे नाव लोकांना माहीत आहे, प्रमाणपत्राला वजन आहे. पण नवा अभ्यासक्रम म्हटला की विद्यापीठाचा बृहत् आराखडा, प्रस्ताव, तपासणी समिती, शासनाची परवानगी. यात एक शैक्षणिक वर्ष सहज जातं. त्याहून मोठी अडचण अशी, की मंजूर झालेला अभ्यासक्रम तीन-चार वर्षं बदलत नाही आणि विषय असा की पोर्टलवर दर दोन महिन्यांनी काहीतरी नवं उगवतं.

दुसरी, एका खासगी प्रशिक्षण कंपनीशी करार. पोर्टल त्यांचं, चकचकीत प्रमाणपत्र त्यांचं, सभागृह आणि विद्यार्थी आपले, फीचा वाटा ठरलेला. संस्थेच्या सचिवांना हे पसंत होतं, कारण खर्च शून्य आणि नॅकच्या (महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेच्या) अहवालात सामंजस्य करार दाखवता येतो. समितीतल्या सीएंनी कंपनीचा नमुना धडा लावून पाहिला. त्यात जीएसटी म्हणजे काय इथपासून सुरुवात होती. रोज जीएसटी भरणाऱ्या माणसाला हे कोण ऐकवणार?

तिसरी, स्वतः काहीच न काढता लोकांना 'स्वयम्'कडे, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलकडे पाठवायचं. शिकायला फुकट आहे, श्रेयांकही मिळतात. पण धडे बहुतांश इंग्रजीत, आणि पेठेतला माणूस रात्री दहाला घरी जाऊन एकटा व्हिडिओ पाहील यावर कोणाचाच विश्वास बसेना.

चौथी, महाविद्यालयाने स्वतःच तीस-तीस तासांचे छोटे घटक चालवायचे. पहिला २बी जुळवणी आणि ई-इन्व्हॉइस, दुसरा एक्सेल, तिसरा टीडीएस आणि पगारपत्रक. श्रेयांकांसाठी विद्यापीठाकडे अर्ज करायचा, मंजुरी येईपर्यंत महाविद्यालयाचं प्रमाणपत्र द्यायचं. हा पर्याय निवडला गेला. माझंही मत त्याच बाजूने होतं, आणि आजही आहे. फक्त तीस तासांच्या अभ्यासक्रमांचं आपल्याकडे एक दुखणं आहे. नॅकच्या निकषांत असे अभ्यासक्रम मोजले जातात, त्यामुळे अनेक ठिकाणी ते हजेरीपत्रकावरच होतात. शिक्षकांनाही त्याची सवय झालेली असते. 'सर, खरंच घ्यायचेत का तास?' असं एकाने विचारलं तेव्हा तो टवाळी करत नव्हता.

पाचवी वाटही होती, पण ती टेबलावर आलीच नाही. या महाविद्यालयात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे. दर रविवारी तिथे नोकरी करणारी, संसार सांभाळणारी माणसं येतात. ते केंद्र सांभाळणाऱ्या वरिष्ठ लिपिकाला प्रौढ विद्यार्थी कसा असतो हे सगळ्या प्राध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक. तो कधी येतो, कशाने गळतो, फी कोणत्या महिन्यात भरू शकतो, फॉर्म कुठे अडतो, हे सगळं. त्याला बैठकीला बोलावलं नव्हतं. तो शिक्षकेतर, म्हणून कोणाच्या मनातही आलं नाही.

पहिली तुकडी

ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू झाला. मंगळवार, बुधवार, गुरुवार, संध्याकाळी सहा ते आठ, पाच आठवडे. तीस तास बरोबर भरतात. शिकवायला एक सीए आणि महाविद्यालयाचे दोन प्राध्यापक. समन्वयाची जबाबदारी तासिका तत्त्वावरच्या एका तरुण मॅडमकडे. पहिल्या दिवशी पस्तीसेक जण आले. बहुतेक चाळिशीच्या आतबाहेरचे, सातआठ स्त्रिया, आणि पंचावन्नच्या पुढचे एक दिवाणजी.

दुसऱ्याच आठवड्यात निम्मी बाकं रिकामी झाली. मग थोडे परत आले, मग पुन्हा गायब. गणपती ७ सप्टेंबरला बसले, त्याच आठवड्यात परीक्षा ठेवली होती. परीक्षेला बसलेल्यांची संख्या सांगण्यासारखी नव्हती. समन्वयक मॅडमनी गळालेल्या एकेकाला फोन केले. विभागाच्या बैठकीत 'लोकांना गांभीर्यच नाही' असा सूर लागला होता, त्यावर त्यांनी फोनवर ऐकलेलं एक वाक्य तसंच वाचून दाखवलं: 'मॅडम, अकरा आणि वीस तारखेला आम्हाला घरचेसुद्धा जेवायला कधी येणार म्हणून विचारत नाहीत.'

हिशेबनिसाचा महिना असा असतो. ७ तारखेला टीडीएसचा भरणा. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र. १४ ला २बी तयार होते. १५ ला पीएफ आणि ईएसआयसी. २० ला ३बी, म्हणजे महिन्याचा गोषवारा आणि कराचा भरणा. तिमाही भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांची ३बी महाराष्ट्रात २२ ला. जुलैअखेर प्राप्तिकराची विवरणपत्रं, सप्टेंबरअखेर कर लेखापरीक्षण. आपण वर्ग ठेवला तो नेमका ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आठवड्याच्या वारांवर. वाणिज्य विभागातल्या प्रत्येकाला या तारखा पाठ होत्या, विद्यार्थ्यांना त्या शिकवल्याही जातात. वेळापत्रक करताना मात्र समोर होतं ते विद्यापीठाचं शैक्षणिक दिनदर्शक.

दुसरी गळती शांतपणे झाली. सीए साहेब विद्वान होते, पण कलमं सांगत. ऐकणाऱ्यांना पाहिजे होतं ते असं: हे बिल पुरवठादाराने मागच्या महिन्यात दाखवायचं राहिलं, आता मी काय करू? काही जण तर मालकाची फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन आले. ती उघडून सगळ्यांसमोर दाखवावी का, यावर वर्गातच वाद झाला. गाव लहान, समोरच्या बाकावर त्याच मालाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याचा अकाउंटंट. समन्वयक मॅडमनी त्याच क्षणी नाही म्हटलं आणि पेनड्राइव्ह परत केले. या प्रकरणातला सगळ्यात अचूक निर्णय मला हाच वाटतो. तो कुठल्याही समितीने घेतलेला नव्हता.

वेळापत्रक बदललं, मग बरंच बदललं

ऑक्टोबरच्या बैठकीत दोन मतं होती. एक, बंद करा, व्याख्यानं तेवढी ठेवा. दुसरं, महिन्याच्या तारखांवर वर्ग बसवून पाहा. या वेळी मुक्त विद्यापीठ केंद्राचे लिपिक बैठकीत होते. ते म्हणाले, तास कमी-जास्त झाले तर माणसं खपवून घेतात. शेवटचा दिवस आणि परीक्षेचा दिवस पहिल्या दिवशीच सांगा, मग बदलू नका. इतकं उपयोगाचं वाक्य आधीच्या कुठल्याच बैठकीत ऐकायला मिळालं नव्हतं.

ठरलं असं. वर्ग २१ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंतच. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ, पेठ बंद झाल्यावर. तीन महिन्यांच्या तीन खिडक्या, प्रत्येकी दहा तास. जानेवारीत तिमाहीमुळे २३ पासून. मार्चएंडची धावपळ लागायच्या आत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपवायचं. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, प्राध्यापकांना निवडणुकीचं काम आणि इमारतीत मतदान केंद्र. म्हणून सुरुवात नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाली.

शिकवण्याची रीतही बदलली. एका वेळी दोघं उभे राहू लागले. गावातला एक अनुभवी जीएसटी सल्लागार काम करून दाखवायचा आणि महाविद्यालयाचे प्राध्यापक मधे थांबवून 'हे असं का?' विचारायचे. प्राध्यापकांना हे सुरुवातीला अवघड गेलं. आपण विद्यार्थ्यांसमोर प्रश्न विचारायचे म्हणजे आपल्याला येत नाही असं होतं, अशी भीती. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेली. खऱ्या फायलींऐवजी समन्वयक मॅडमनी एक काल्पनिक फाउंड्री उभी केली. तिची खरेदी वही, तिची २बी, आणि मुद्दाम पेरलेले घोटाळे: एकच बिल दोनदा, जीएसटी क्रमांकात एक आकडा चुकलेला, माल परत गेला पण क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) आलीच नाही, पुरवठादाराने पुढच्या महिन्यात दाखवलेलं बिल. सगळे पेठेत रोज घडणारे. लेखी परीक्षा काढून टाकली. ही फाइल घ्या, फरक शोधा, पुरवठादाराला पाठवायचा निरोप लिहा, हीच परीक्षा.

निरोप लिहिण्याचा भाग मॅडमनी सहज म्हणून घातला होता. त्यात सगळ्यात जास्त लोक अडले. फरक सापडतो, पण 'तुमचं बिल दिसत नाही' हे समोरच्याला न दुखावता आणि न गुळमुळता कसं लिहायचं हे येत नाही. पुढच्या घटकात त्यासाठी वेगळे तास ठेवावे लागले.

१४ ऑक्टोबरला जीएसटी पोर्टलवर 'आयएमएस' ही नवी सोय आली होती. पुरवठादाराने चढवलेलं प्रत्येक बिल स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं हे तिथे ठरवता येतं. ती शिकवणाऱ्यालाही नवी होती. आराखड्यात नसताना ती पहिल्या खिडकीत घेतली गेली. पदविकेचा पर्याय घेतला असता तर हे जमलं नसतं, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

एम.कॉम.ची मुलं त्याच बाकावर

दुसऱ्या तुकडीत जागा उरल्या म्हणून एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाची काही मुलं बसवली. हिशेब फीचा होता, शैक्षणिक उद्देश नंतर चिकटला. नव्या धोरणानुसार पदव्युत्तर वर्गाला दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचं 'ओजेटी' असतं, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी १२० तास. व्यवहारात बरीच मुलं एखाद्या ओळखीच्या ऑफिसातून शिक्का मारलेलं पत्र आणतात. गुरुजनांना ते माहीत असतं.

या वर्गात मुलांची गाठ जुन्या विद्यार्थ्यांशी पडली. मुलांना एक्सेलची सूत्रं भराभर येत, पण क्रेडिट नोट म्हणजे बाजारात नेमकं काय घडतं हे ठाऊक नव्हतं. जुन्यांना बाजार तोंडपाठ, पण दोन याद्यांची जुळवणी ते छापून, पट्टी ठेवून, पेनने टिकमार्क करत करायचे. जोड्या लावायचं कोणी ठरवलं नव्हतं, बाकं कमी असल्याने लागल्या. फेब्रुवारीनंतर त्यातल्या काही मुलांनी ओजेटीसाठी याच लोकांच्या ऑफिसात जागा मागितली आणि तिथे खरंच १२० तास काम केलं. मार्चएंडला ऑफिसांनाही हात हवेच होते.

नोकरीच्या बाजारासाठी विद्यार्थी तयार करायचे म्हणून महाविद्यालयं तज्ज्ञांची व्याख्यानं ठेवतात, कंपन्यांना बोलावतात. इथे बाजारातली बातमी महाविद्यालयाच्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडून वर्गात आली, तीही रोजच्या रोज. विभागप्रमुख मॅडमनी मग एक छोटं पाऊल उचललं. विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्यांच्या हातात नाही, पण अंतर्गत मूल्यमापन आहे. बी.कॉम.च्या अंतर्गत गुणांसाठी होणारा 'प्रकल्प', जो वर्षानुवर्षं झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचा, तो बंद करून त्यांनी ती काल्पनिक फाउंड्रीची फाइल दिली, प्रत्येक गटाला वेगळे घोटाळे घालून. माझ्या मते केंद्राने साधलेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते केंद्राच्या अहवालात कुठेच येत नाही.

निष्पत्ती

दुसरी तुकडी बहुतांशी टिकली. तिसरा घटक २०२५ च्या उन्हाळ्यानंतर झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलून २२ तारखेपासून मुख्यतः ५ आणि १८ टक्के राहणार असं ठरलं, तेव्हा केंद्राने दोन संध्याकाळी ठेवल्या. आधी वर्गात बसलेल्या लोकांनीच त्या चालवल्या. जुन्या दराने घेतलेला साठा, छापलेल्या किमती, सॉफ्टवेअरमधले बदल, सगळं त्यांनी एकमेकांत सोडवलं.

एका माजी विद्यार्थिनीने लग्नानंतर दहाएक वर्षं हिशेबाला हात लावला नव्हता. आता ती घरून चार छोट्या दुकानांचं काम पाहते. फाउंड्रीतल्या एका अकाउंटंटने वर्ग संपल्यावर महिन्याभरात नोकरी बदलली. त्याचे मालक महाविद्यालयात येऊन प्राचार्यांना म्हणाले, 'फी आम्ही भरली, आणि तुम्ही आमचाच माणूस फिरवलात.' रागावलेले होते, पण त्यांचा मुद्दा खोटा म्हणता येणार नाही. प्राचार्यांनी त्यानंतर फी मालकाने भरण्याची सवलत बंद करावी असं सुचवलं. समितीने ती चालू ठेवली, फक्त अर्जावर स्पष्ट लिहिलं की प्रमाणपत्र विद्यार्थ्याच्या नावाचं आणि त्याच्या मालकीचं.

पंचावन्नच्या पुढचे दिवाणजी पहिल्या तुकडीतूनच गेले ते परत आले नाहीत. 'पाच वर्षं राहिली, मालक सांभाळून घेतात' असं त्यांनी समन्वयक मॅडमना सांगितलं. वयामुळे, पडद्यावरच्या बारीक इंग्रजी अक्षरांमुळे, की शेजारी आपल्या मुलाच्या वयाची पोरं बसल्यामुळे, याची चौकशी नीट झाली नाही.

श्रेयांकांचं काम रखडलंच. विद्यापीठाकडे अर्ज गेला, शंका आल्या, उत्तरं गेली. २०१० च्या आधी पदवी घेतलेल्याचं एबीसी खातं काढायचं, त्यात एक श्रेयांक जमा करायचा, तो जास्तीत जास्त सात वर्षं टिकणार, आणि त्याला जोडायला पुढची पदवी कोणती? वर्गात विचारलं तेव्हा बहुतेकांना त्यात रस नव्हता. ज्यांना होता त्या मुख्यतः पुन्हा नोकरीला लागू पाहणाऱ्या स्त्रिया. त्यांच्याकडे सांगायला चालू अनुभव नव्हता, म्हणून कागद हवा होता. म्हणजे ज्यांना श्रेयांकाची खरी गरज, त्यांच्यासाठी आपण सगळ्यात कमी पाठपुरावा केला.

काय वेगळं करता आलं असतं

गळालेल्यांना केलेले फोन ऑगस्टच्या आधी, नोंदणी करतानाच व्हायला हवे होते. पंधरा माणसांना 'तुम्ही कधी मोकळे असता' विचारलं असतं तर एक अख्खी तुकडी वाचली असती. मुक्त विद्यापीठ केंद्राचा अनुभव त्याच इमारतीत, एका जिन्याच्या अंतरावर होता.

पैशाचा आणि माणसांचा हिशेब मात्र अजून सुटलेला नाही, आणि तो एका महाविद्यालयाच्या हातातलाही नाही. हे केंद्र जिच्यामुळे चाललं ती समन्वयक तासिका तत्त्वावर होती. रात्री साडेनऊपर्यंतचे तास, फोन, ती काल्पनिक फाउंड्री, यातलं काहीच तिच्या तासिकांत मोजलं गेलं नाही. फीतून थोडं मानधन दिलं गेलं, तेही उशिरा. २०२५ च्या दिवाळीनंतर तिला दुसऱ्या शहरात पूर्णवेळ नोकरी मिळाली आणि ती गेली. कायम प्राध्यापकांच्या कार्यभारात हे काम बसत नाही, पदोन्नतीच्या गुणांतही फारसं नाही, त्यामुळे 'मी घेतो' म्हणायला कोणी पुढे आलं नाही. आजीवन शिक्षणाची धोरणं विद्यार्थ्याच्या खात्यात श्रेयांक जमा करायची सोय करतात. शिकवणाऱ्याच्या खात्यात तास जमा करायची सोय त्यांत नाही. पहिल्याच वर्षी तिच्या कामाचे तास लेखी ठरवून घेतले असते तर ती थांबली असती असं मी म्हणणार नाही, पण पुढच्या माणसाला काय सोपवायचं हे तरी स्पष्ट असतं.

आणखी एक. फाउंड्रीच्या मालकांना सुरुवातीपासून समितीत घ्यायला हवं होतं. त्यांनी तक्रार केली तेव्हाच ते पहिल्यांदा महाविद्यालयाच्या पायऱ्या चढले.

सध्या

आता समितीपुढे दोन प्रस्ताव आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा. कलमांचे क्रमांक बदलतात, 'करनिर्धारण वर्ष' जाऊन 'करवर्ष' येतं. जुन्या विद्यार्थ्यांनी त्यावर घटक मागितला आहे. गावातल्या उद्योजकांच्या संघटनेचं पत्रही आलं आहे: आमच्या कामगारांसाठी वेगळी, बंद तुकडी घ्या, पूर्ण खर्च आम्ही करू, समन्वयकाचा पगारही देऊ, पण त्यात बाहेरचं कोणी नको, विद्यार्थीही नकोत.

दुसऱ्या प्रस्तावाने पगाराचा प्रश्न सुटतो. प्राचार्यांचा कल तिकडे आहे, आणि त्यांची अडचण मला समजते. मी विरोधात मत नोंदवलं आहे, कारण एम.कॉम.ची मुलं त्या बाकांवरून उठली तर महाविद्यालयाने हे चालवायचं कारणच मला दिसत नाही. तडजोड म्हणून बंद तुकडीत निदान दहा विद्यार्थी ओजेटीच्या नावाखाली बसवावेत असं विभागप्रमुख मॅडमनी सुचवलं आहे. संघटनेचं उत्तर यायचं आहे. बैठक २३ तारखेला ठेवली आहे.